स्वमग्न मूल आणि शाळेतील सहवास

(हीरक महोत्सवी वर्षातील शिक्षक-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पायांत चपला सरकवून, दाराशी उभा राहून पाहुणा ‘बराय, येतो’ असे म्हणतो आणि जिना उतरून निघून जातो. घरातील चार-पाच वर्षांच्या मुलाला यात काही विसंगत वाटत नाही. निरोपाच्या वेळी ‘जातो’ म्हणणे अशुभ मानतात, हे त्याला कोणी समजावून दिलेले नसते. तरीही तो शब्द कोठे आणि कोणत्या अर्थाने वापरावयाचा, हे ते मूल नकळत उचलते. मात्र एखादे मूल असे असते की ते दाराशीच थांबून राहते. तासाभराने ते विचारते, ‘काका अजून आले कसे नाहीत? येतो म्हणाले होते.’ घरातील मंडळी हसतात. मुलाला त्या हसण्याचा अर्थ लागत नाही, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्या काकांचाही लागत नाही.

व्यवहारातील असे शेकडो अलिखित नियम बहुतेक मुले श्वासाइतक्या सहजतेने आत्मसात करतात. पहिल्यांदा ‘नको’ म्हटले तरी आग्रह होणार, दुसऱ्यांदाही होणार, आणि तिसऱ्यांदा ताटात लाडू पडणारच. ‘या ना कधीतरी घरी’ या वाक्याला तारीख नसते. वडिलांच्या वयाचा कोणीही पुरुष काका असतो, मग त्याचे वडिलांशी नाते असो वा नसो. हे नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, कारण ते शिकवावे लागतात याचीच कोणाला कल्पना नसते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत ते शिकवावे लागतात. कसे शिकवावयाचे हा प्रश्न आहेच. परंतु कशासाठी शिकवावयाचे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर मुलाचे पुढचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.

‘ऑटिझम’ला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द देखणा आहे, पण थोडासा फसवाही आहे. स्वतःच्याच विश्वात रमलेले, इतरांची गरज नसलेले मूल, असे चित्र त्यातून उभे राहते. वस्तुतः यांतील अनेक मुलांना सोबत हवी असते. सोबत मिळविण्याची रीत त्यांना गवसत नाही. मधल्या सुट्टीत खेळणाऱ्या मुलांच्या कडेकडेने फेऱ्या घालणारा मुलगा खेळ पाहत नसतो असे नव्हे. आत कसे शिरावयाचे, हे त्याला उमगलेले नसते, आणि तोवर घंटा होते.

या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन बाल्टिमोर येथील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यांच्या निबंधात अकरा मुले होती. आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा डोनाल्ड. वैद्यकीय वाङ्मयात त्याचे आडनाव दीर्घकाळ झाकलेले राहिले. पुढे २०१० मध्ये दोन अमेरिकी पत्रकारांनी लिहिलेल्या लेखामुळे डोनाल्ड ट्रिप्लेट हे नाव जगाला कळले. लहानपणी तो गोल वस्तू फिरवीत बसे, अंकांत रमे, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणे. त्याला काही काळ घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले होते. आईवडिलांनी त्याला परत आणले, कॅनर यांच्याकडे नेले, आणि १९४२ मध्ये घरापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे त्याला ठेवले.

त्या दांपत्याने जे केले, ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकलेले नव्हते. डोनाल्डला मोजण्याचा नाद होता, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणण्याच्या कामाला लावले आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगावयास सांगितले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याची त्याला खोड होती. त्यांनी अंगणातील एक जागा त्यांच्या दफनभूमीसाठी नेमून दिली आणि तेथे नावाच्या पाट्या लावू दिल्या. मक्याचे तास पुन्हा पुन्हा मोजण्याचा हट्ट होता, तर तास मोजत मोजतच नांगरणी करू दिली. कॅनर १९४५ मध्ये भेटीला गेले तेव्हा मुलगा घोडा जुंपून नांगर धरीत होता, आणि खेड्यातील शाळेत जात होता. त्या शाळेने त्याच्या तऱ्हा स्वीकारल्या होत्या आणि अभ्यासात त्याची प्रगती चांगली होती, अशी नोंद कॅनर यांनी पुढे केली. डोनाल्ड महाविद्यालयात गेला, गावच्या बँकेत त्याने नोकरी केली, गोल्फ शिकला, मोटार चालवू लागला, देशोदेशी एकटा हिंडला आणि २०२३ मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

त्या अकरा जणांचे पुढे काय झाले, याचा आढावा कॅनर यांनी १९७१ मध्ये घेतला. जी मुले संस्थांच्या भिंतींआड गेली त्यांची जी काही उमेद होती तीही मावळून गेली, हे त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. डोनाल्डचे घराणे सधन होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. सर्वांच्या वाट्याला वडिलांची वकिली आणि आजोळची बँक येत नाही. पण त्या खेड्यातील शाळेने केलेल्या कामाला पैसा लागला नव्हता.

आता शिकविण्याकडे वळावे. १९६० च्या दशकापासून लॉस एंजलिस येथे इव्हार लोव्हास यांनी वर्तनाच्या तत्त्वांवर आधारलेली पद्धत उभी केली. प्रत्येक कृतीचे लहान लहान तुकडे करावयाचे, योग्य प्रतिसादाला बक्षीस द्यावयाचे, आणि आरंभीच्या काळात चुकीच्या प्रतिसादाला शिक्षाही. तीत ओरडणे आणि थप्पड हे दोन्ही आले. तुकडे करून शिकविण्याची युक्ती उपयोगी ठरली आणि ती आजही निरनिराळ्या रूपांत टिकून आहे. शिक्षेचा भाग मागे पडला, तो पडावयासच हवा होता. परंतु त्यामागील एक कल्पना मात्र अजून वर्गावर्गांत वावरते: मूल इतरांसारखे दिसू लागले की ते शिकले. ‘माझ्याकडे बघ’ हा हुकूम हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. डोळ्याला डोळा भिडविणे अनेक स्वमग्न व्यक्तींना अतिशय त्रासाचे वाटते. डोळ्यांकडे पाहावयाचे की बोलणे ऐकावयाचे, यांपैकी एकच काही साधते, असे त्यांपैकी कित्येकांनी मोठेपणी लिहून ठेवले आहे. मराठी घरांत तर वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर देणे कालपरवापर्यंत उद्धटपणाचे मानले जात असे. एका पिढीने जे उद्धटपणाचे ठरविले, तेच दुसऱ्या पिढीने उपचाराचे ध्येय म्हणून नेमावे, हा विनोद त्या मुलांना तेवढा सुखाचा नसतो.

दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अदमास घेणे या मुलांना अवघड जाते, हे लंडनमधील एका प्रयोगाने १९८५ मध्ये दाखविले. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांसमोर दोन बाहुल्या मांडल्या. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी ती काढून पेटीत ठेवते. पहिली परत आल्यावर गोटी कोठे शोधील? वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा जणांनी पेटीकडे बोट दाखविले. गोटी खरोखर जेथे होती तेथे. प्रयोग सुरेख होता. त्यातून पुढे ‘या मुलांना दुसऱ्याचे मनच कळत नाही’ असा ढोबळ निष्कर्ष काढला गेला, तो मात्र तितका सुरेख नव्हता. कारण समोरच्यांना तरी या मुलांचे मन कोठे कळते? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हाच मुद्दा मांडला: न उमगण्याची अडचण एका बाजूची नसून दुहेरी आहे. एडिंबरा येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाची गोष्ट दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने सांगत न्यावी, असा कानगोष्टींसारखा प्रयोग झाला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे इतर असलेल्या साखळीतही टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांमध्ये. म्हणजे दोष सांगणाऱ्यात नव्हता आणि ऐकणाऱ्यातही नव्हता. तो दोघांच्या मधल्या जागेत होता.

शाळेच्या दृष्टीने ही मधली जागा फार महत्त्वाची आहे. सामाजिक कौशल्ये शिकविण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मुलाला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेणे, तेथे ‘नमस्कार, तुझे नाव काय?’ हे वीस वेळा घोकून घेणे आणि परत आणून सोडणे. त्या खोलीत मूल पारंगत होते. मैदानावर मात्र कोणी तेथल्यासारखे बोलत नाही. लॉस एंजलिसमधील कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांच्या बाबतीत प्रौढ व्यक्तीने थेट स्वमग्न मुलाला शिकविले, तर काहींच्या बाबतीत त्याच वर्गातील तीन इतर मुलांना शिकविले: एकटा पडलेला कोण हे कसे ओळखावे, त्याला खेळात कसे घ्यावे, तो गप्प राहिला तर काय करावे. वर्गमित्रांना शिकविल्याचा परिणाम अधिक दिसला. त्या मुलांचे वर्गातील स्थान सुधारले, मित्र म्हणून त्यांची नावे अधिक वेळा घेतली गेली, आणि मैदानावरील एकटेपणा कमी झाला. ज्याला अडचण आहे त्याच्याऐवजी त्याच्या शेजाऱ्याला शिकवावे, ही गोष्ट वरवर उफराटी वाटते. पण ज्या शाळेत एका बाकावर तिघे बसतात, तेथे ती सहज पटावी.

मिशिगनमधील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘सामाजिक गोष्टी’ लिहिण्याची पद्धत रूढ केली. एखादा प्रसंग मुलाच्या बाजूने, लहान लहान वाक्यांत लिहून द्यावयाचा. त्यात माहिती अधिक आणि आज्ञा कमी. भारतीय शाळेसाठी अशी गोष्ट साधारणतः पुढीलप्रमाणे होईल: ‘दुसऱ्या तासानंतर घंटा वाजते. घंटेचा आवाज मोठा असतो. तो थोडा वेळ असतो, मग थांबतो. मुले डबे उघडतात. काही मुले दुसऱ्याच्या डब्यातला घास मागतात. मला द्यावासा वाटला तर मी देतो. मला द्यावयाचा नसेल तर मी “आज नको” म्हणतो. दोन्ही चालते.’ बस, इतकेच. हे लिहिताना शिक्षकाच्या हातून नेहमी होणारी चूक अशी की तो गोष्टीच्या नावाखाली नियमावली लिहितो: रांगेत उभे राहावे, ओरडू नये, डबा वाटून खावा. या मुलाला आज्ञांची वाण कधीच नव्हती. त्याला हवे असते ते कारण, आणि पुढे काय घडेल याचे आश्वासन.

वरच्या गोष्टीतील ‘आज नको’ हे वाक्य बारकाईने पाहावे. निमूटपणे ऐकणे म्हणजे सुधारणा, असे समजून अनेक मुलांना केवळ होकार शिकविला जातो. हात पुढे कर म्हटले की करावयाचा, जवळ ये म्हटले की जावयाचे, काकांच्या पाया पड म्हटले की पडावयाचे, काकूंनी गालगुच्चा घेतला तरी स्थिर राहावयाचे. ज्या मुलाला अनोळखी स्पर्शाने अंगावर काटा येतो, त्याने तो काटा गिळावयाचा. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि घडलेले नीट सांगताही येत नाही, अशा मुलाइतके असुरक्षित दुसरे कोणी नसते. वाईट हेतूचा मनुष्य असेच मूल शोधत असतो. म्हणून नकार हा सामाजिक कौशल्याच्या यादीत अगदी वर असावयास हवा: शब्दाने, मानेने, चित्राच्या कार्डाने, जसा जमेल तसा. आणि तो नकार शिक्षकाने व पालकाने मानलाही पाहिजे. वाकून नमस्कार करण्याऐवजी दुरून हात जोडले, तर कोणाच्याही आशीर्वादात उणेपणा येत नाही.

मराठी भाषेचा प्रश्न परमुलखातील मराठी शाळेच्या व्यासपीठावर टाळता येणार नाही. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी किंवा तेथली प्रादेशिक भाषा, दूरचित्रवाणीवर इंग्रजी, अशा वातावरणात मूल बोलावयास उशीर लावू लागले की पहिला सल्ला मिळतो: ‘घरात एकच भाषा बोला, मराठी सोडून द्या.’ सल्ला प्रामाणिक असतो, पण त्याला आधार नाही. मॉन्ट्रियल येथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत, दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा अधिक मागे पडलेली आढळली नाहीत. सल्ला मानल्याची किंमत मात्र मोठी असते. आजी मराठीखेरीज काही बोलत नाही. आई तोडक्या इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ एवढेच बोलू लागते, कारण त्यापलीकडे तिला त्या भाषेत लाड करता येत नाहीत, रागावताही येत नाही. ज्या मुलाची अडचणच मुळी माणसांशी सूर जुळण्याची आहे, त्याच्या घरातील बोलणे अशा रीतीने निम्म्यावर येते. जी शाळा वर्षानुवर्षे दूरच्या मुलखात मराठी टिकवून आहे, तिने एवढे तरी पालकांना ठामपणे सांगावे.

अर्थात मराठीच्या स्वतःच्या काही अडचणी आहेतच. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणारी मुले सर्वनामे उलटी वापरतात, हे कॅनर यांनीच टिपले होते. आईने ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारलेले असते, म्हणून तहान लागली की मूलही ‘तुला पाणी हवे का?’ असेच म्हणते. मराठीत यावर क्रियापदाच्या लिंगाची भर पडते. दिवसभर आईच्या तोंडून ‘मी येते, मी करते’ ऐकणारा मुलगा स्वतःविषयीही ‘मी येते’ म्हणतो आणि वर्गात हशा पिकतो. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद. ‘आपण जाऊ या’ यात मी आहे की नाही, हे समजण्यासाठी बोलणाऱ्याच्या मनात कोण कोण आहे ते कळावे लागते. अशा वेळी चूक दुरुस्त करण्यापेक्षा योग्य वाक्य मुलाच्या बाजूने हळूच म्हणून दाखवावे: तहानेच्या क्षणी, पेला हातात देताना, ‘मला पाणी हवे’. हशाची दुरुस्ती मात्र लगेच करावी, आणि ती हसणाऱ्यांकडे वळून.

खेळाच्या बाबतीत भारतीय मैदान पुष्कळ उदार आहे. खो-खोमध्ये कोणी कोठे बसावयाचे, तोंड कोणत्या दिशेला, उठावयाचे केव्हा, सारे ठरलेले असते. ‘खो’ मिळाला की उठावयाचे, न मिळाला तर बसून राहावयाचे. ज्या मुलाला मोकळ्या गप्पांत केव्हा तोंड उघडावे हे कळत नाही, त्याला येथे पाळी म्हणजे काय हे अंगाने कळते. पाठीवर पडणारी थाप सहन होत नसेल तर ‘खो’ नुसता शब्दाने द्यावा. त्यासाठी कोणत्याही संघटनेची परवानगी लागत नाही. गॅदरिंगमधील ध्वनिक्षेपक, गणपतीच्या मिरवणुकीतील ढोल, प्रयोगशाळेतील वास, यांनी मूल कानावर हात ठेवून खाली बसले तर तो हट्ट समजू नये. कोलाहलात बुडालेल्या माणसाला शिष्टाचार सुचत नाहीत. पुस्तकालयाचा एक शांत कोपरा आणि तेथे जाण्याची न विचारता मिळणारी मुभा, एवढे असले तरी पुष्कळ प्रसंग टळतात.

कायद्याने आता या मुलांची बाजू घेतली आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते प्रथम आले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत त्याचा स्पष्ट समावेश झाला. शासनमान्य शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, हे आता बंधन आहे. त्याआधीच, १९९१ मध्ये, दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ हे काम सुरू केले होते. कायदा दार उघडून देतो; आत आल्यावर मुलाने बसावयाचे कोणाशेजारी, हे कायद्यात लिहिलेले नसते.

वार्षिक परीक्षेनंतर वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात, आणि वर्षभर कष्टाने जमविलेले पुष्कळसे जूनमध्ये वाहून जाते. नव्या बाईंना ठाऊक नसते की हा मुलगा खिडकीकडे पाहत असतानाच उत्तम ऐकतो. त्या त्याला खडू हाती देऊन फळ्याकडे वळवितात, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचे बिनसते. एप्रिलमध्ये जुन्या शिक्षकाने एक पान लिहून ठेवावे. मुलाला काय आवडते, कशाने त्रास होतो, त्रास झाला हे कशावरून ओळखावे, कोणत्या शब्दाने ते शांत होते, कोणाशेजारी बसल्यावर ते हसते. शक्य असेल तेथे ते पान मुलाला वाचून दाखवावे आणि त्यात काही खोडावयाचे असल्यास त्यालाच खोडू द्यावे. मग ते प्रगतिपुस्तकात घालून नव्या शिक्षकाच्या हाती, शाळा उघडण्यापूर्वी, द्यावे.